गाडी थरथरते किंवा एका बाजूला ओढते तेव्हा
साताऱ्याहून पुण्याकडे जाताना ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे का, ते तपासावे. मात्र त्याआधी रिमची आतली बाजू धुवावी, कारण उसाच्या रानातून गेलेल्या गाडीच्या रिमला चिकटून वाळलेला चिखलही तोल बिघडवतो. थरथर फक्त ब्रेक दाबताना येत असल्यास ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, पाहावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर लगेच अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचे, पैसे मोजू नयेत. हवा सारखी करून, टायरवर दिशेचा बाण नसल्यास, पुढची चाके आपसांत बदलावीत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच असतो. टायरची एकच कड झिजली असेल किंवा नक्षीवर आडवा हात फिरवल्यावर ती एकीकडून गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागत असेल, तर मात्र अलाइनमेंट करून घ्यावे.