शेततळ्यात पाणी नेमकं किती मावतं? आकडेमोड अशी करा

सिन्नर, चांदवड, येवल्याकडे कुणालाही शेततळ्याचं माप विचारा, उत्तर येतं, "तीस बाय तीस, खोली तीन." लगेच गुणाकार होतो: 30 × 30 × 3 = 2,700 घनमीटर, म्हणजे 27 लाख लिटर. हा आकडा चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर द्राक्षबागेचं पाणी ठरवलं, तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऐन गरजेला तळं रिकामं दिसतं. लांबी, रुंदी आणि खोलीचा थेट गुणाकार उभ्या भिंतींच्या हौदाला चालतो. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात आणि तळ काठापेक्षा बराच लहान असतो.

आधी मापं घ्या

काठाची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी आणि उभी खोली, एवढी मापं लागतात. खोली उतारावर टेप टाकून मोजू नका. तो आकडा जास्त येतो. तळ्यात कागद (पाणी मुरू नये म्हणून अंथरलेलं प्लास्टिक) आणि पाणी असेल तर तळ मोजता येत नाही, तेव्हा खोदताना ठेवलेला उतार आठवा. 1:1 उतार म्हणजे मीटरभर खाली गेलं की प्रत्येक बाजू मीटरभर आत येते. समोरासमोरच्या दोन बाजू धरल्या तर 3 मीटर खोलीला 6 मीटर कमी होतात, म्हणून तळ 24 × 24. माती ढासळती म्हणून 1.5:1 उतार ठेवला असेल तर तळ 21 × 21 च उरतो. फूट आणि मीटर एकत्र मिसळू नका. 1 मीटर म्हणजे 3.28 फूट.

मग घनफळ काढा

काठाचं क्षेत्रफळ काढा: 30 × 30 = 900. तळाचं काढा: 24 × 24 = 576. आता दोन्ही लांब्यांची बेरीज आणि दोन्ही रुंद्यांची बेरीज यांचा गुणाकार करा: 54 × 54 = 2,916. तिन्ही आकडे मिळवले की 4,392. त्याला 6 ने भागा, 732 येतात. हे झालं सरासरी क्षेत्रफळ. खोलीने गुणलं की 2,196 घनमीटर. 1 घनमीटर म्हणजे 1,000 लिटर, तेव्हा तळं जवळपास 22 लाख लिटरचं. सुरुवातीच्या गुणाकारात पाच लाख लिटर हवेतलं होतं.

ही रीत भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती'त खाताच्या, म्हणजे खड्ड्याच्या गणितात दिली आहे. त्यांचं उदाहरण असं: तोंड 12 × 10, तळ त्याच्या निम्मा, खोली 7, उत्तर 490. स्वतः करून पाहा, हात बसतो.

काठापर्यंत भरू नका

लाटा आणि जोरदार पाऊस यांच्यासाठी वर अर्धा मीटर मोकळा ठेवावा लागतो. मग पाण्याची खोली 2.5 मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग 29 × 29 उरतो. त्याच रीतीने: 841 + 576 + 2,809 = 4,226; भागिले 6, गुणिले 2.5, म्हणजे सुमारे 1,761 घनमीटर. वरच्या अर्ध्या मीटरने 435 घनमीटर नेले, एकूण पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. कारण तळ्याचा सर्वात रुंद थर वरचा असतो. म्हणून पंपाचं नियोजन 22 वर नाही, साडेसतरा लाखांवर करा.

उलटा हिशेब: हवं तेवढं पाणी, तळं केवढं?

समजा 15 लाख लिटर पाणी हवं, पाण्याची खोली 3 मीटर आणि उतार 1:1. 1,500 ला 3 ने भागलं की 500. त्याचं वर्गमूळ साधारण 22.4. ही पाण्याच्या निम्म्या खोलीवरची बाजू. तिथून खाली आणि वर दीड-दीड मीटर जायचं आहे, म्हणून तळासाठी 3 वजा करा आणि पाण्याच्या पृष्ठभागासाठी 3 मिळवा: 19.4 आणि 25.4. वर अर्धा मीटर मोकळा धरला की काठ 26.4 मीटर, खोदाई साडेतीन मीटर. आखणी करताना 26.5 धरा.

माती आणि कागद

खोदाईचा दर ब्रासवर (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) ठरत असेल तर घनमीटरला 35.3 ने गुणून घनफूट करा आणि 100 ने भागा. पहिल्या तळ्याचे 2,196 घनमीटर म्हणजे सुमारे 775 ब्रास. हा खड्ड्याचा हिशेब आहे. उकरलेली माती फुगते, त्यामुळे ट्रॉलीत मोजाल तर आकडा जास्त येईल. दर खड्ड्याच्या मापावर की ट्रॉलीवर, हे आधीच बोलून घ्या.

कागद मागवताना उताराची लांबी लागते. 3 मीटर खोली आणि 3 मीटर आत आलेली बाजू, यांचा कर्ण 4.24 मीटर. तळाचे 24, दोन्ही उतारांचे 8.5 आणि काठावरच्या चरात दाबायला दोन्हीकडे एकेक मीटर: बाजू 34.5 मीटर. वरचं 30 चं माप सांगून कागद आणला तर तो काठापर्यंत पोहोचतच नाही.

विहीर असेल तर

गोल विहिरीला रीत साधी: त्रिज्या × त्रिज्या × 3.14 × पाण्याची खोली. व्यास 20 फूट आणि पाणी 15 फूट असेल तर 10 × 10 × 3.14 × 15 = 4,710 घनफूट. 1 घनफुटात 28.3 लिटर मावतं, म्हणजे सुमारे 1 लाख 33 हजार लिटर. मात्र व्यास मोजताना बांधकामाची जाडी धरू नका, टेप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच लावा.