डेटाबेस कनेक्ट होईना : नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

सोलापुरात सॉफ्टवेअरचं पहिलं काम हाती येतं ते बहुतेकदा दोन वाटांनी. एक कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, आणि दुसरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं बिलिंग सांभाळणारं चार-पाच जणांचं ऑफिस. दोन्हीकडे पहिल्या पंधरा दिवसांत एक वाक्य कानावर येतंच : "डेटाबेस कनेक्ट होईना." ते ऐकलं की नवखा माणूस हमखास तीन गोष्टी करतो. पासवर्ड बदलून बघतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर झॅम्प (डेटाबेस आणि वेब सर्व्हर एकत्र बसवणारं पॅकेज) काढून पुन्हा टाकतो. या तिसऱ्या उपायात डेटा फोल्डरच उडू शकतं. मग कनेक्शन झकास जुळतं, पण आत एकही बिल नसतं.

कनेक्शनच्या एररमध्ये शोधायचं एवढंच असतं, की आपली विनंती कुठपर्यंत पोचली. मशीन सापडलं का, त्या पोर्टवर (मशीनच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत होतं का, सर्व्हरनं नाव-पासवर्ड तपासला का, शेवटी डेटाबेस मिळाला का. बहुतेक वेळा हे एररच्या मजकुरातच लिहिलेलं असतं, फक्त तो पूर्ण वाचावा लागतो. डीबीव्हरमध्ये (डेटाबेस उघडून बघायचं सॉफ्टवेअर) 'डिटेल्स' उघडा. जावाचा शंभर ओळींचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठून आला त्याची यादी) आला तर सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' बघा, मूळ कारण तिथं असतं. (कमांड आणि सेटिंगची नावं इथं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा २००३ हा एरर घ्या. त्याच्या शेवटी कंसात आणखी एक आकडा असतो आणि खरी बातमी त्या कंसात असते. विंडोजवर तो १००६१ असेल तर 'रिफ्यूज्ड', १००६० असेल तर 'टाइम आउट'. लिनक्सवर हेच आकडे १११ आणि ११० असे येतात. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, आणि तसं उत्तर त्या मशीननं परत पाठवलं. हे एक-दोन सेकंदांत कळतं. टाइम आउट म्हणजे कुणीच उत्तर दिलं नाही. विंडोज वीसेक सेकंद वाट पाहून हात टेकतं. घड्याळाकडे नुसतं बघितलं तरी अर्धं निदान होतं.

रिफ्यूज्ड आलं की आधी सर्व्हरच्या मशीनवर जायचं. सर्व्हिसेसच्या खिडकीत मायएसक्यूएल 'रनिंग' दिसतंय का बघा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटस्टॅट -एएनओ | फाइंडस्ट्र ३३०६' द्या. ओळ आलीच नाही तर सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट वेगळा आहे. ओळ आली तर डावीकडचा पत्ता नीट वाचा. ०.०.०.०:३३०६ असेल तर सर्व्हर सगळ्या बाजूंनी ऐकतोय. १२७.०.०.१:३३०६ असेल तर फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतोय, बाहेरच्याला तो रिफ्यूजच करणार. तेव्हा कॉन्फिग फाइलमधला 'बाइंड-अ‍ॅड्रेस' बदलून सर्व्हिस रीस्टार्ट करायची. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये याच जागी 'लिसन अ‍ॅड्रेसेस' आहे आणि ते मुळात लोकलहोस्टवरच, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, असतं. ते बदलल्यावर नुसतं रीलोड पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. यावर अर्धा दिवस घालवणारे पुष्कळ.

पोर्टचे आकडे पाठच असावेत. मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मोंगो २७०१७.

नेटस्टॅटच्या ओळीच्या शेवटी प्रोसेसचा नंबर असतो. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये तो जुळवला की पोर्ट कुणी धरून ठेवलाय ते कळतं. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर इथंच गंमत असते : झॅम्पही असतं आणि वेगळं टाकलेलं मायएसक्यूएलही. झॅम्पच्या बटणावर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत मारियाडीबी आहे, म्हणजे हे सरळ दोन वेगळे सर्व्हर. एकानं ३३०६ धरला की दुसरा सुरूच होत नाही, किंवा कुणीतरी त्याला ३३०७ वर हलवलेलं असतं. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलं दिसतात, वर्कबेंचमध्ये दिसत नाहीत (दोन्ही डेटाबेस बघायची साधनं, पण वेगवेगळ्या सर्व्हरला जोडलेली), आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. डेटा कुठंही गेलेला नसतो, आपण भलत्याच घरात शोधत असतो.

टाइम आउटचं कारण कारखान्यांमध्ये बहुधा वेगळंच निघतं. ऑफिसातलं एक मशीन सर्व्हर, बाकी पॅकिंग आणि डिस्पॅचची दोन-तीन मशीनं त्याला जोडलेली. प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये पत्ता लिहिलाय १९२.१६८.१.५. दुपारी लाईट जाते, तासाभरानं येते, राउटर नव्यानं सुरू होऊन पत्ते पुन्हा वाटतो आणि सर्व्हरला या वेळी १९२.१६८.१.७ मिळतो. आता .५ वर कुणीच नसेल तर टाइम आउट येईल. पण .५ एखाद्याच्या मोबाइलला किंवा प्रिंटरला मिळाला असेल तर रिफ्यूज्ड येईल, आणि आपण बिचाऱ्या सर्व्हिसला दोष देत बसू. म्हणून दोन्ही प्रकारांत सर्व्हरवर 'आयपीकॉन्फिग' देऊन पत्ता खात्रीनं बघायचा. कायमचा इलाज राउटरमध्ये आहे : सर्व्हरच्या मॅक अ‍ॅड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) एक पत्ता राखून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

पत्ता बरोबर असूनही टाइम आउट येत असेल तर फायरवॉल. विंडोजची फायरवॉल नको असलेलं पॅकेट गुपचूप टाकून देते, नकारही कळवत नाही. टाइम आउट येतो तो त्यामुळेच. पिंगवर (मशीन उत्तर देतं का बघायची कमांड) विसंबू नका, कारण पिंगही तिथं अडवलेलं असू शकतं. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.७ -पोर्ट ३३०६' द्या आणि शेवटच्या ओळीत 'ट्रू' येतं की 'फॉल्स' तेवढं बघा. काल चालत होतं आणि आज नवा राउटर बसवल्यावर बंद पडलं, असं असेल तर एक खास जागा तपासा. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, आणि ते बहुधा 'पब्लिक' धरलं जातं. फायरवॉलचा नियम मात्र 'प्रायव्हेट'साठीच केलेला असतो. नेटवर्क प्रायव्हेट केलं की काम होतं. फायरवॉल सरसकट बंद करणं हा उपाय नव्हे, कितीही जणांनी सांगितला तरी.

लाईट गेल्याचा दुसरा फटका डेटाला बसतो. यूपीएस नसलेल्या मशीनवर झॅम्पचं मायएसक्यूएल मग 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' म्हणत सुरूच होत नाही. सगळ्यात आधी मायएसक्यूएलचं 'डेटा' फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा. त्यानंतर त्याच फोल्डरातली एरर लॉगची फाइल उघडून शेवटच्या पंचवीस-तीस ओळी वाचा. इंटरनेटवर 'आयबीडेटा१' नावाची फाइल उडवण्याचा सल्ला सापडेल. तो पाळला तर सर्व्हर सुरू होईल, टेबलांची नावंही दिसतील, पण उघडायला गेलं की १९३२ : 'डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन'.

आता 'डिनाइड', म्हणजे प्रवेश नाकारला. मायएसक्यूएलचा १०४५ आला की लोक घाबरतात. खरं तर ही बरी बातमी. मशीन, पोर्ट, सर्व्हर सगळं पार करून आपण पोचलो, अडलंय ते फक्त ओळखीवर. या एररच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड : येस' किंवा 'नो' असतं. 'नो' म्हणजे पासवर्ड पाठवलाच गेला नाही, तो बदलून काय होणार? अशा वेळी 'डॉट ईएनव्ही' ही पासवर्डसारखी सेटिंग ठेवायची फाइल वाचली जातेय का ते पाहा. लॅराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये जुनं कॉन्फिग साठून राहतं, तिथं 'पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर' द्यावं लागतं. पासवर्डात # असेल आणि तो अवतरणचिन्हांत नसेल तर पुढचा भाग शेरा समजून सोडून दिला जातो. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये पासवर्ड देताना @ असेल तर तो %४० असा लिहायचा, नाहीतर पासवर्डाचा उरलेला तुकडा होस्टचं नाव समजला जातो.

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नसतं. नाव आणि कुठून आला ते ठिकाण, अशी जोडी असते. 'रूट अ‍ॅट लोकलहोस्ट' हा पॅकिंगच्या मशीनवरून आलेल्या रूटला (सगळे हक्क असलेल्या मुख्य युजरला) ओळखत नाही. त्या ठिकाणासाठी एकही खातं नसेल तर ११३० येतो, ठिकाण जुळून नाव किंवा पासवर्ड चुकला तर १०४५. रूटलाच सगळीकडून मोकळं सोडण्यापेक्षा बिलिंगसाठी वेगळा युजर करा, त्याचं ठिकाण '१९२.१६८.१.%' ठेवा आणि सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट एवढेच हक्क द्या.

पोस्टग्रेसमध्ये हे काम 'पीजी_एचबीए' फाइल करते. 'नो एन्ट्री' असा एरर आला तर त्यातच होस्ट, युजर आणि डेटाबेस छापलेला असतो. तेवढी ओळ फाइलमध्ये घालून रीलोड करायचं. इथं क्रमाला महत्त्व आहे. वरून पहिली जुळणारी ओळच लागू होते, ती नापास झाली तर पुढची बघितली जात नाही. नवी ओळ तळाशी चिकटवून काहीच फरक पडला नाही, तर वर एखादी जुनी ओळ आडवी आलेली असते.

मायएसक्यूएल ८ पासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. जावातून किंवा डीबीव्हरमधून 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' येतं ते त्यामुळे. ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा भाग) प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' ट्रू केलं की चालतं. आपल्याच मशीनवर ठीक, बाहेरच्या सर्व्हरसाठी एसएसएल (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) वापरा. जुनी उत्तरं 'मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड'वर परत जा म्हणतात. ती पद्धत ८.४ मध्ये मुळात बंद असते आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे, तेव्हा ड्रायव्हर नवा घेणं सोपं. जुन्या जावा ड्रायव्हरचा आणखी एक नखरा : सर्व्हरचा टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम' ओळखता येत नाही म्हणून तो अडून बसतो. यूआरएलमध्ये 'सर्व्हर टाइमझोन' एशिया/कोलकाता दिला की सुटतं.

बिलिंग मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर असेल तर एरर २६ ओळखीचा होईल. 'सर्व्हर किंवा इन्स्टन्स (मशीनवर नाव देऊन बसवलेली सर्व्हरची प्रत) सापडेना' असा त्याचा अर्थ. एक्स्प्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करा, 'आयपी ऑल'मधला डायनॅमिक पोर्ट पुसा, टीसीपी पोर्टात १४३३ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. पत्ता लिहिताना पोर्टाआधी स्वल्पविराम येतो, अपूर्णविराम नाही : १९२.१६८.१.७,१४३३. लॉगिन फेल होऊन १८४५६ आला तर क्लायंटला 'स्टेट' कायम १ दिसतो, हल्लेखोराला सुगावा लागू नये म्हणून. खरा आकडा सर्व्हरच्या लॉगमध्ये : ५ म्हणजे युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानतो. नव्या ओडीबीसी १८ ड्रायव्हरनं सर्टिफिकेटवर हरकत घेतली तर सर्व्हर बिघडलेला नसतो; तो ड्रायव्हर आता एन्क्रिप्शन धरूनच चालतो. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालू करता येतं.

'लोकलहोस्ट' या शब्दानं विद्यार्थ्यांना जेवढं फसवलंय तेवढं कुणीच नसेल. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठी मशीनवरच केलेल्या वेगळ्या कप्प्यात) लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तिथं कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव द्यायचं. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमधून (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनमधून) लॅपटॉप गाठायचा तर १०.०.२.२.

सगळ्यात चकवणारा प्रकार मात्र चालता-चालता बंद पडणारा. संध्याकाळी ऑफिस बंद होतं, सकाळी पहिलं बिल करताना 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर', आणि पुन्हा बटण दाबलं की काम होतं. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडतं. रात्रीतून ते तुटतं, पण पूलला (उघडलेली कनेक्शनं पुन्हा वापरायला राखून ठेवणाऱ्या भागाला) पत्ता नसतो. तो सकाळी तेच मेलेलं कनेक्शन हातात देतो. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य आठ तासांपेक्षा कमी ठेवा. हिकारी या जावाच्या पूलमध्ये ते मुळात तीस मिनिटं असतं, जुन्या पूलमध्ये देण्याआधी तपासणी चालू करावी लागते.

दुपारपर्यंत ठीक आणि मग १०४०, 'टू मेनी कनेक्शन्स', असं होत असेल तर 'शो प्रोसेसलिस्ट' द्या. 'स्लीप'च्या ओळींची रांग दिसली तर कोडमध्ये कुठंतरी कनेक्शन उघडून बंद केलेलं नाही. एरर आल्यावर क्लोजपर्यंत न पोचणारा रिपोर्ट आधी तपासा. मुळातली १५१ ची मर्यादा ५०० केली तर एररची वेळ फक्त पुढे ढकलली जाते.

कारखान्यातून फोन येतो तेव्हा पलीकडचा "सॉफ्टवेअर बंद पडलंय" एवढंच सांगतो. त्याला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगा, मजकुराच्या शेवटपर्यंतचा. त्यात पासवर्ड दिसत असेल तर तो ग्रुपवर टाकू देऊ नका. किती मशीनवर बंद आहे आणि सर्व्हरच्या मशीनवर चालतंय का, ते विचारा. आणि फोन ठेवायच्या आधी : मघाशी लाईट गेली होती का, राउटरला कुणी हात लावलाय का?