विज्ञान-धोरणातली इंटर्नशिप: अहवालात ढवळाढवळ झाली का, हे कसं तपासायचं

तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. तो दडवून ठेवण्याचा, किंवा त्यातले आकडे बदलून ते तज्ज्ञांच्या नावावर खपवण्याचा अधिकार नाही. विज्ञान-धोरणात इंटर्नशिप करणाऱ्याने आधी हा फरक पक्का करून घ्यावा. नाहीतर प्रत्येक न आवडलेला निर्णय 'हस्तक्षेप' वाटू लागतो आणि खरा हस्तक्षेप नजरेतून सुटतो.

जागा शोधताना केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने विद्यापीठांत आणि आयआयटींत उभारलेली धोरण संशोधन केंद्रं, दिल्लीतली पीआरएस (संसदेतल्या विधेयकांचा अभ्यास करणारी संस्था) आणि सीएसई (पर्यावरण-धोरणावर काम करणारी संस्था), बंगळुरूची पर्यावरण संशोधन संस्था 'एट्री' (ATREE) ही नावं आधी पाहा. अर्जासोबत शिफारसपत्रांचा गठ्ठा जोडण्यापेक्षा एखाद्या मसुदा अधिसूचनेवरचं, म्हणजे सरकारने हरकतींसाठी राजपत्रात छापलेल्या प्रस्तावित आदेशावरचं, दोन पानी टिपण जोडा. तुम्ही राजपत्र वाचू शकता, हे त्यातून दिसतं.

सरावासाठी पश्चिम घाटासारखं दुसरं प्रकरण नाही. घाटाचं संरक्षण कसं करावं, यावर पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी पर्यावरण मंत्रालयाला अहवाल दिला. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकारात मागितल्यावर 'अजून अंतिम नाही' असं उत्तर दिलं आणि कलम ८(१)(क)चा, म्हणजे राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितसंबंधांचा आधार घेतला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२मध्ये अहवाल खुला करायला सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात तो आदेश कायम ठेवला आणि २३ मे रोजी अहवाल संकेतस्थळावर आला. जवळपास नऊ महिने गेले. एक ओळही न बदलता, फक्त वेळ काढून अहवाल निष्प्रभ करता येतो. म्हणून अहवालांतल्या बदलांची एक नोंदवही करा आणि तिच्यात पहिला रकाना तारखांचा ठेवा: अहवाल सादर कधी झाला, प्रसिद्ध कधी झाला, मधल्या काळात कोणते निर्णय झाले.

आता आकडे. गाडगीळ अहवालानंतर मंत्रालयाने नेमलेल्या, के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २०१३मध्ये घाटाचं ५९,९४० चौरस किमी क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलं. त्यावर आधारलेल्या मसुदा अधिसूचनेत ५६,८२५ आहे. सुमारे ३,११५ चौरस किमी कुठे गेले? राज्यवार आकडे शेजारी मांडा. केरळचे १३,१०८ होते, ते ९,९९३.७ झाले, सगळा फरक तिथेच आहे. केरळ सरकारने आपली समिती नेमून ही कपात मागितली, हे मसुद्यातच नमूद आहे. निर्णय राजकीय आहे, पण उघड आणि कारणासह आहे. त्यावर टीका करा; त्याला 'आकडे बदलले' म्हणू नका.

गाडगीळ आणि कस्तुरीरंगन अहवालांची थेट तुलना करतानाही इथेच घसरायला होतं. पहिल्याने तालुका हे एकक धरून संपूर्ण घाट तीन श्रेणींत विभागला. दुसऱ्याने शेती-वस्तीचा भाग वेगळा काढला आणि गाव हे एकक धरलं. घाटाची हद्दसुद्धा दोघांनी वेगळी घेतली: १,२९,०३७ आणि १,६४,२८० चौरस किमी. व्याख्या तपासल्याशिवाय वजाबाकी करू नका.

नोंदवहीचे बाकी रकाने असे: दस्तऐवजाचं नाव, आवृत्ती, कुठून मिळाला, पान, आधीचे शब्द, नंतरचे शब्द, दिलेलं कारण. कारणाचा रकाना रिकामा राहिला की तिथे खणायचं. मूळ अहवालापेक्षा सारांश आणि प्रसिद्धिपत्रक आधी वाचा. बदल बहुधा तिथेच होतात. 'होईल'चं 'होऊ शकेल' होतं, अटीतली 'पूर्वपरवानगी' जाते आणि 'कळवणे' येतं. पीडीएफ उतरवली त्याच दिवशी तारीख घालून मूळ प्रत जपा, इंटरनेट अर्काइव्हवरही चढवा. मंत्रालयांच्या संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे मरतात.

कारण हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो संस्थेच्या नव्हे, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा असतो. आधी मार्गदर्शकाला सांगा. केंद्रात शुल्क १० रुपये आणि मर्यादा ५०० शब्द. महाराष्ट्र शासनाकडे १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय. 'अहवालात बदल का केला?' असं विचारू नका. कारणमीमांसा मागणारा प्रश्न फेटाळला जातो. 'अमुक क्रमांकाच्या फाइलमधील अमुक ते अमुक तारखेच्या टिपण्या, पत्रव्यवहार आणि मसुद्याच्या सर्व आवृत्त्यांच्या प्रती' असं मागा. फाइल क्रमांक माहीत नसेल तर आधी प्रत्यक्ष फाइल पाहण्याची परवानगी घ्या. केंद्रीय कार्यालयांत पहिला तास मोफत असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील करायला ९० दिवस असतात, पण त्याच्या निकालाला तुमच्या इंटर्नशिपपेक्षा जास्त काळ लागू शकतो, म्हणून अर्ज पहिल्या पंधरवड्यातच टाका आणि पोचपावत्या पुढच्या माणसासाठी फाइलला लावा.

मसुदा अधिसूचनेवर हरकत द्यायला ६० दिवस मिळतात. परिच्छेद क्रमांक, आक्षेप, पुरावा, सुचवलेले पर्यायी शब्द, एवढंच लिहा. ठरल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही, तर मसुदा बाद होतो. पश्चिम घाटाचा मसुदा २०१४ ते २०२४ या काळात सहा वेळा निघाला आहे. जुनी हरकत पोचली असेल या भरवशावर राहू नका, प्रत्येक वेळी नव्याने पाठवा.

सर्वांत जास्त काळजी माणसांची घ्या. केंद्र शासनाच्या सेवेतल्या शास्त्रज्ञांना १९६४चे वर्तन नियम लागू असतात आणि त्यातला नियम ९ सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये मंजूर झाला, पण वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही. त्यामुळे शास्त्रज्ञाने चहावर सांगितलेली गोष्ट टिपणात घालू नका, नाव न देताही नाही. तीन जणांच्या विभागात कोण बोललं ते लगेच कळतं. तीच गोष्ट सिद्ध करणारा प्रकाशित शोधनिबंध, संसदेतलं उत्तर किंवा समितीचं इतिवृत्त शोधा. ते सापडलं नाही, तर ते वाक्य गाळा आणि कोणता कागद मागायचा, याची नोंद ठेवा.