टोल्युइनची वाफ खनिजावर किती बसते ते मोजायचंय? आधी पाणी घालवा

खनिजावर टोल्युइनसारख्या (थिनरमध्ये असतो तो द्रव) सेंद्रिय वाफेचं अधिशोषण, म्हणजे वाफ पृष्ठभागावर किती चिकटून बसते ते, मोजायचं म्हटलं की सगळे थेट मशीनकडे धावतात, पण निम्मं काम त्याआधीच असतं, ते म्हणजे सॅम्पल नीट कोरडं करणं. क्ले असो की क्वार्ट्झ, साध्या दमट हवेतही त्यावर पाण्याचा थर असतोच, आणि तिथे टोल्युइन पाण्याला हटवू शकत नाही, पावसाळ्यात तर विचारूच नका.

केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, घेऊ. १०५-११० अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवा, वजन स्थिर झालं पाहिजे. आपल्या काळ्या मातीतली स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारी क्ले) असेल तर थरांमधलं पाणी गेल्यावर थर मिटतात आणि वाफ आत शिरत नाही, म्हणून किती तापवलं ते निकालासोबत लिहाच.

आता सेटअप. कोरडा नायट्रोजन दोन वाटांनी न्यायचा, एक टोल्युइनच्या बबलरमधून (गॅस बुडबुड्यांनी द्रवातून नेणारी बाटली), दुसरी थेट, दोन्हींवर फ्लो कंट्रोलर, पुढे एकत्र करून सॅम्पलवर सोडायचा. बबलर २० अंशांवर आणि सॅम्पल २५ वर ठेवा म्हणजे वाटेत नळीत वाफ द्रव होत नाही. २० ला टोल्युइनचा संपृक्त बाष्पदाब साधारण २२ मिमी पारा आणि २५ ला २८, म्हणजे सापेक्ष दाब (वाफेचा दाब भागिले सॅम्पलच्या तापमानाचा संपृक्त दाब) जास्तीत जास्त ०.७७ पर्यंतच जाईल, आणि १०० पैकी १० मिली बबलरमधून गेले तर साधारण ०.०८. नळ्या स्टील किंवा टेफ्लॉनच्या, सिलिकॉन रबर अजिबात नको, ते स्वतःच टोल्युइन पितं. आणि हे सगळं फ्यूम हुडमध्येच, टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) फक्त ४ अंश आहे.

वजनासाठी मायक्रोबॅलन्सच (मायक्रोग्रॅममध्ये वाचणारा काटा) का, तर हिशोब बघा: केओलिनचं क्षेत्रफळ ग्रॅमला १५ चौरस मीटर धरलं तर टोल्युइनचा एक पूर्ण थर म्हणजे ग्रॅममागे जेमतेम ५ मिलिग्रॅम, १०० मिलिग्रॅम सॅम्पलवर अर्धा मिलिग्रॅम! ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या साध्या काट्यावर यात काय कळणार. रिकाम्या पॅनचा ब्लँक रन पण हवाच, गॅसचा फ्लो आणि घनता बदलली की काटा हलतो आणि ते सगळं तुमच्या आकड्यात जातं.

प्रत्येक दाबाला वजन सपाट होईपर्यंत थांबा, घाई केली की दाब-वजनाचा वक्र खोटा येतो. मग दाब उतरवत परत या, उतरताना वजन चढतानापेक्षा वरच राहिलं तर बारीक छिद्रांत वाफ द्रव होऊन अडकली असण्याची शक्यता जास्त. क्षेत्रफळासाठी बीईटी समीकरण (वक्रावरून एका पूर्ण थराची वाफ काढणारं), १९३८ चं आहे पण अजून तेच चालतं, फक्त सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३० मधलेच पॉइंट घ्या.

शेतातली माती काही भट्टीत सुकवलेली नसते, म्हणून तोच प्रयोग ५० टक्के आर्द्रतेच्या नायट्रोजनमध्येही करा, आणि तेव्हा आधी फक्त दमट गॅसवर वजन स्थिर करून मगच टोल्युइन सोडा.