किट कारचा घसरणारा क्लच बदलताय? या चुका टाळा

चढाला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि टॅकोमीटरचा (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा तीन हजारांवरून साडेचार हजारांवर गेला. गाडीचा वेग मात्र तसूभरही वाढला नाही. पाठोपाठ तो ओळखीचा जळका वास. माझ्या दोन सीटच्या छोट्या किट कारमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी त्याच आठवड्यात इंजिन बाहेर काढून नवा क्लच बसवला. सहा आठवड्यांनी पुन्हा तोच काटा, तोच वास. दोष क्लचमध्ये नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार झाला, आणि त्यात एक चांगली क्लच प्लेट जळून गेली.

किट कार म्हणजे चार गाड्यांचे भाग एका चासीवर. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन लोक सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडत. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि त्याच धर्तीच्या कितीतरी गाड्या पुढे निघाल्या. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकावरचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) आधीच्या मालकाने कुठून आणलं ते त्यालाच ठाऊक, आणि पेडल त्यानेच वेल्डिंग करून बनवलेलं. अशा गाडीला कुठलंही एक मॅन्युअल पूर्ण लागू पडत नाही. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

कारण न शोधताच इंजिन काढणं

सर्वांत महागडी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपलीच असं नाही. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरेशा जोराने दाबत नाही किंवा प्लेटची पकडच सुटली आहे, एवढाच त्याचा अर्थ. असं का होतं, याची कारणं बाहेरूनही तपासता येतात.

पहिल्यांदा पेडलची मोकळी चाल बघा, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं सैल दाबलं जातं ते अंतर. केबलचा क्लच असेल तर लाइनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) झिजतं तशी ही चाल वाढत नाही, उलट कमी होते. कारण प्लेट पातळ झाली की डायफ्रामची (प्रेशर प्लेटमधल्या ताटलीसारख्या स्प्रिंगची) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे) सरकतात. चाल शून्यावर आली की बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहतं, म्हणजे कुणीतरी पेडलवर कायम पाय ठेवल्यासारखंच. फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर बांधलेल्या गाड्यांत पेडलपाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल लागते. तिथे चाल शून्य सापडली तर आधी केबलचा नट फिरवा आणि गाडी चालवून बघा.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये हाच दोष लपून बसतो. माझ्या गाडीत तो पेडलपाशी तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये होता. पेडल पूर्ण वर आलं तरी पुशरॉड (पेडलपासून येणारी दांडी) पिस्टनला किंचित दाबून धरत होता. त्यामुळे पिस्टन शेवटपर्यंत मागे जात नव्हता आणि तेल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र उघडत नव्हतं. इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगलं की त्याला जायला जागाच नाही. ते क्लचपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरला ढकलायचं आणि क्लच किंचित सुटायचा. म्हणून सकाळी गार गाडी उत्तम चालायची आणि अर्ध्या तासाने घसरायला लागायची. अशी वेळेशी बांधलेली घसरण दिसली तर गाडी गरम असतानाच, पेडलला हात न लावता, स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल (तेल-हवा बाहेर सोडण्याची छोटी तोटी) हळूच सैल करा. आत दाब अडकला असेल तर तेलाची चिळकांडी उडते आणि त्या क्षणापुरता क्लच धरायला लागतो. डोळ्यांना चष्मा आणि निपलवर फडकं हवंच. माझ्याकडे चिळकांडी उडाली, तेव्हा सहा आठवड्यांपूर्वीचं सगळं काम डोळ्यांपुढे आलं. पुशरॉडचा लॉकनट सोडून एक मिलिमीटरची मोकळीक ठेवली. पाच मिनिटांचं काम होतं ते.

तिसरं कारण तेल. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लचवरच्या आवरणाच्या) खालच्या कडेला ओल दिसली तर बोटाला घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला येत नाही. त्यावरून गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय की क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं, ते समजतं. तेल प्यायलेली प्लेट धुऊन परत वापरू नका, ती बदलाच. पण सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पुन्हा तेच काम ओढवून घेणं.

हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का, ही चाचणी बहुतेकांना माहीत असते; बंद पडलं नाही तर क्लच घसरतोय. ती सपाट जागी, गाडीपुढे कुणी उभं नसताना, एकदाच करा. वारंवार केली तर उरलेलं लाइनिंगही जळतं.

गाडीच्या नावावरून क्लच मागवणं

किट कारचं नाव सांगून क्लच मागवू नका. इंजिनाचं नाव सांगूनही भागत नाही, कारण फ्लायव्हील बदललेलं असू शकतं. बीटलमध्येच १८० आणि २०० मिलिमीटर अशा दोन मापांच्या प्लेटा येतात. म्हणून जुने भाग हातात आल्यावर मोजा: प्लेटचा बाहेरचा व्यास, हबमधल्या (प्लेटच्या मधल्या भागातल्या) खाचांची संख्या आणि शाफ्टची जाडी, कव्हरच्या बोल्टांची वर्तुळं, डॉवेल पिना आणि रिलीज बेअरिंगचा प्रकार. फोर्डच्या टाइप ९ गिअरबॉक्सच्या शाफ्टवर २३ खाचा असतात. तो दुसऱ्या घराण्याच्या इंजिनाला जोडलेला असेल तर प्लेटचा हब गिअरबॉक्सप्रमाणे आणि व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, अशी मिश्र प्लेट लागते. रिलीज बेअरिंग जुन्या पद्धतीचं कार्बनचं असेल तर ते बोटांवर सतत टेकता कामा नये. बॉल बेअरिंगचे काही प्रकार मात्र हलके टेकून फिरण्यासाठीच बनवलेले असतात. हे दोन्ही एकमेकांच्या जागी घालू नका.

नवा भाग आला की जुन्याशेजारी ठेवा आणि नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. ती अडखळत असेल तर तिथेच थांबा.

उतरवताना

सेव्हन-धर्तीच्या गाड्यांत गिअरबॉक्स सहसा दोन सीटमधल्या बोगद्यात अडकलेला असतो, तो खाली येत नाही; इंजिन एकटं किंवा गिअरबॉक्ससकट वरून काढावं लागतं. दोन्ही एकत्र काढताना ते तिरके होतात आणि गिअरबॉक्सच्या मागून तेल गळतं, म्हणून आधीच ते काढून घ्या. मिनीच्या इंजिनावरच्या गाड्यांत इंजिन न काढताही क्लच बदलता येतो, पण तिथे फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. त्याला पुलरच (ओढून काढण्याचं अवजार) हवा. हातोड्याने ठोकू नका.

जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. बेलहाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

फ्लायव्हीलकडे आणि छोट्या भागांकडे दुर्लक्ष

प्लेट घसरली म्हणजे फ्लायव्हील तापलेलं असणारच. निळसर डाग, केसासारख्या तडा, खोल चरे दिसले तर ते लेथवर घासून घ्या. तडा खोल असतील तर बदला. काही फ्लायव्हीलमध्ये घासण्याची पातळी आणि कव्हर बसण्याची पातळी यांत पायरी असते. घासताना दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवल्या नाहीत तर ती पायरी बदलते आणि कव्हरचा दाबही बदलतो. हे लेथवाल्याला तोंडी न सांगता कागदावर माप लिहून द्या.

क्रँकच्या टोकातलं स्पिगॉट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते) फुटकळ दिसतं, पण एवढं उघडलं असताना ते बदललंच पाहिजे. सच्छिद्र ब्राँझचं बुश असेल तर ग्रीस न लावता इंजिन ऑइलमध्ये भिजवून बसवा.

बसवतानाच्या चुका

प्लेट उलटी बसवणं अजूनही घडतं. हबच्या स्प्रिंगांचा फुगीर भाग साधारणपणे गिअरबॉक्सकडे येतो, पण मिश्र गाडीत तेवढ्यावर विसंबू नका: प्लेट फ्लायव्हीलवर धरा आणि हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. नव्या कव्हरवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. खाचांना ग्रीस अगदी नखभर. जास्तीचं ग्रीस फिरताना लाइनिंगवर उडतं.

प्लेट मधोमध आणण्यासाठी अलाइनमेंट टूल वापरा आणि कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत आवळा. एकच बाजू आधी ओढली तर कव्हर वाकतं. मग गिअरबॉक्स आत जाताना त्याचं वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नका, हब वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. शेवटचे दोन सेंटिमीटर राहिले की लोक बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून तो ओढून घेतात. तसं करू नका. क्रँक थोडा फिरवा. प्लेट मधोमध असेल तर गिअरबॉक्स हातानेच आत जातो.

इंजिनाची अर्थिंगची जाड वायर परत जोडली का? फायबरच्या बॉडीत विद्युतप्रवाहाला दुसरा रस्ता नसतो. ती वायर राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो आणि केबल तापून आतून वितळते.

पेडलला थांबा नसणं

घरी बनवलेल्या पेडलला बहुधा स्टॉपर नसतो. क्लच सुटल्यावरही पेडल आणखी खाली गेलं तर डायफ्रामची बोटं मर्यादेबाहेर वाकतात आणि दाब कमी होतो. गिअर आवाज न करता पडतो तिथून थोडंसं पुढे स्टॉपरचा बोल्ट लावा. त्याच वेळी कुणाला तरी पेडल दाबायला सांगून मास्टर सिलिंडरभोवतीचा पत्रा बघा. तो श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर मागून पट्टी लावून मजबूत करा, नाहीतर क्लच पूर्ण सुटणार नाही.

पहिले काही शे किलोमीटर जोरात सुटू नका आणि चढावर क्लच अर्धा धरून थांबू नका. साधारण पाचशे किलोमीटरनंतर मोकळी चाल पुन्हा मोजा. केबलच्या क्लचमध्ये नवं लाइनिंग बसत जातं तशी ती थोडी घटते. मी पुशरॉडवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली आहे. बॉनेट उघडलं की तिथली मोकळीक बदलली का, ते त्या रेघेवरून लगेच कळतं.