दाराखालचा गंज: रंगाआधी टोचून बघा

वाशी-ऐरोलीकडे खाडीची खारट हवा आणि वर चार महिने पाऊस. त्यात जुन्या गाडीच्या दाराची खालची कड हमखास गंजते. पाणी निघून जायला तिथे बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतूनच कुजतो. बाहेर रंगाला फुगा दिसेपर्यंत काम बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणून आधी भोकं तारेने मोकळी करा, मग फुगा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आरपार गेलं तर घरी खटाटोप नको, तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वरून पुट्टी थापली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

पत्रा शाबूत असेल तर मास्क लावून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. भोवतीचा चांगला रंगही बोटभर उतरवा, कारण गंज त्याच्याखाली सरकलेला असतो. थिनरने पुसा. खड्ड्यांत काळे ठिपके उरतातच, त्यांवर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन, लावा. त्यावर कोणता प्राइमर चालतो ते डब्यावर नीट वाचा. काही एपॉक्सी प्राइमरचं त्याच्याशी जमत नाही. पुट्टी प्राइमरवरच लावा, ती पाणी शोषते.

हे सगळं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. रंग वाळला की त्याच भोकांतून दाराच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, फक्त भोकं पुन्हा बुजू देऊ नका.