मागे राहिलेल्या काकू

आमच्या पुण्यातल्या सायकल ग्रुपमध्ये नवे लोक दोन रविवार यायचे, मग गायब. कारण कळलं ते खडकवासल्याच्या राइडला. एक काकू चेन उतरलेली सायकल धरून रस्त्याकडेला एकट्याच उभ्या होत्या. बोटं ग्रीसने काळी, डोळे भरलेले. आम्ही पुढे चहा पीत होतो. मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारपासून सगळ्यात शेवटी मी. पंप, पॅच, जादा ट्यूब माझ्याकडे. प्रत्येक वळणावर एक जण थांबतो, मागचा दिसेपर्यंत हलत नाही. खड्डा दिसला की पुढचा हाताने दाखवतो आणि मोठ्याने ओरडतो. हेल्मेट नाही तर राइड नाही, यावर दोघं रुसले. रुसू देत.

काकू आता चेन स्वतः बसवतात. या रविवारी शेवटी त्याच असणार आहेत.